एडिटरमधले ठिपके, बाण आणि न दिसणारी अक्षरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गावची निघाली: ओळ डोळ्याला बरोबर दिसते, तरी संगणक ऐकत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. मेनूंची आणि आदेशांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

प्रश्न : मॅडम, मी हिंगणा रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टचा अर्धा पायथॉन प्रोग्राम मी लिहिला, अर्धा पार्टनरने त्याच्या घरच्या लॅपटॉपवर. दोन्ही जोडल्यापासून प्रोग्राम चालूनच नाही राहिला, ‘टॅबएरर’ येतो. ओळी एकाखाली एक अगदी सरळ आहेत, मी स्क्रीनला पट्टी लावून बघितली. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये ही गडबड दिसेल कशी? आणि टॅब वापरायचा की स्पेस, यावरून आमचं भांडण सुरू आहे.
— विद्यार्थी, नागपूर

उत्तर : पट्टी बाजूला ठेव बेटा. ओळी सरळ दिसतात, तिथेच तर फसगत आहे.

आधी बघायचं कसं ते सांगते. व्हीएस कोडमध्ये फाइल उघड आणि कंट्रोल-ए दाब. एवढंच. सगळा मजकूर निवडला गेला की ओळींच्या सुरुवातीला कुठे बारीक ठिपके दिसतील, कुठे बाण. ठिपका म्हणजे स्पेस, बाण म्हणजे टॅब. व्हीएस कोड मुळातच निवडलेल्या मजकुरात ही चिन्हं काढून दाखवतो, पण पोरं वर्षानुवर्षं तो एडिटर वापरतात आणि ते ठिपके त्यांच्या नजरेत भरत नाहीत. सगळीकडे कायम दिसायला हवे असतील तर व्ह्यू मेनूत अपिअरन्स, आणि त्यात रेंडर व्हाइटस्पेस. सेटिंग्जमध्ये हेच नाव शोधलंस तर पाच पर्याय मिळतील: नन, बाउंडरी, सिलेक्शन, ट्रेलिंग, ऑल. पायथॉनसाठी मी बाउंडरी ठेवायला सांगते. त्यात दोन शब्दांमधल्या एकट्या स्पेसवर ठिपका येत नाही, त्यामुळे कोड वाचता येतो आणि ओळीच्या सुरुवातीची व शेवटची रिकामी जागा मात्र दिसत राहते. पार्टनर नोटपॅड प्लस प्लस वापरत असेल तर तिथे व्ह्यू मेनूत शो सिम्बॉल आहे. विम वापरणारा असेल तर कोलन देऊन ‘सेट लिस्ट’.

आता हे होतं काहून? नंदनवनात माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती, तेव्हा पत्त्याचे रकाने पाडायला मुली टॅबची कळ वापरायच्या. आधी मशीनची गाडी, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, हव्या त्या जागी न्यायची आणि तिथे थांबा लावायचा. मग कळ दाबली की गाडी धाडकन त्या थांब्यापर्यंत जाते. कळ दाबल्यावर गाडी किती घरं, म्हणजे अक्षरांच्या जागा, सरकली, हे थांबा कुठे लावला त्यावर ठरायचं. शेजारच्या मशीनवर तीच कळ दाबली तर गाडी भलतीकडेच थांबायची. संगणकाच्या फाइलीत आजही तेच आहे. टॅब हे एकच अक्षर, क्रमांक ९. त्याचा अर्थ इतकाच की पुढच्या थांब्यावर जा. थांबे कुठे आहेत हे फाइलीत लिहिलेलं नसतं, ते एडिटर ठरवतो. व्हीएस कोड दर चार घरांवर थांबा धरतो, जुने टर्मिनल आठ घरांवर. स्पेस मात्र क्रमांक ३२ चं अक्षर, एक म्हणजे एकच घर.

तुझ्या फाइलीत एका ओळीला चार ठिपके असतील आणि खालच्या ओळीला एक बाण. तुझ्या स्क्रीनवर दोन्ही एका रेषेत येतात. पायथॉनला मात्र थांबे कुठे आहेत ते माहीत नाही. पायथॉन २ आठ घरं धरून मोकळा व्हायचा आणि चुकीचा अर्थ लावूनही प्रोग्राम चालवायचा. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ ने ते बंद केलं: ओळींचा अर्थ टॅबच्या रुंदीवर अवलंबून राहत असेल तर तो थेट टॅबएरर देतो. तुला आला तो त्रास वाटतो, पण गुपचूप चुकीचं उत्तर येण्यापेक्षा हा बरा.

दुरुस्ती अशी. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’ निवड (इंडेंटेशन म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा). पण त्याआधी खालच्या पट्टीत उजवीकडे बघ, तिथे टॅब साइज किंवा स्पेसेस आणि पुढे आकडा असतो. बदल त्याच आकड्याने होतो. पार्टनरने आठच्या हिशोबाने लिहिलं असेल आणि तू चारने बदललंस, तर एखादी ओळ लूपच्या आतून बाहेर येईल, आणि मग एरर न येता उत्तर चुकेल. म्हणून बदल झाल्यावर प्रत्येक लूप आणि इफचा भाग एकदा डोळ्यांखालून घाल. गिट, म्हणजे कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारं साधन, वापरत असाल तर हा बदल वेगळ्या कमिटमध्ये (वेगळ्या नोंदीत) टाका, नाहीतर सगळी फाइलच बदललेली दिसेल आणि कुणी काय लिहिलं ते कळणार नाही. ‘गिट डिफ’ला वजा-डब्ल्यू (छोटं डब्ल्यू) जोडलं की रिकाम्या जागेतले फरक वगळून बाकीचे दिसतात.

राहिलं भांडण. पायथॉनची लेखनशैली सांगणारा पेप ८ प्रत्येक पातळीला चार स्पेस सुचवतो, तेव्हा या प्रोजेक्टपुरता निकाल लागला. याचा अर्थ टॅब वाईट असा नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये टॅबच चालतो, तोही आठ घरांचा. गो भाषेचं स्वतःचं साधन टॅबच घालतं. सेटिंग लिहायच्या वायएएमएल प्रकारच्या फाइलीत इंडेंटेशनला टॅब चालतच नाही. आणि मेक या प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाच्या मेकफाइलमध्ये आदेशाची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस दिल्या तर ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबते. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. हा नियम अडचणीचा आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरत होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली बिघडू नयेत म्हणून तो तसाच राहिला. त्या डझनभर मित्रांची सोय सगळं जग अजून सोसून राहिलं आहे, बाप्पा.

पार्टनरला दोष देऊ नकोस. दोघांच्या एडिटरमध्ये ‘इन्सर्ट स्पेसेस’ चालू करा आणि आकडा चार ठेवा.

प्रश्न : कळमना मार्केटमध्ये संत्र्याच्या अडतीच्या दुकानात मी हिशेब बघते. शेतकऱ्यांची यादी एक्सेलमध्ये आहे. पुतण्याने ती वाचून पावत्या काढणारा छोटा पायथॉन प्रोग्राम करून दिला आणि तो नोकरीला पुण्याला गेला. आता यादी सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) करून दिली की ‘कीएरर’ येतो, ‘नाव’ हा रकानाच नाही म्हणतो. पहिलाच रकाना ‘नाव’ आहे! शिवाय काही गावांची नावं हुबेहूब सारखी असून वेगवेगळी मोजली जातात. पुतण्या म्हणतो, व्हीएस कोडमध्ये ठिपके चालू करून बघ. केले. ठिपके दिसतात, चूक दिसत नाही.
— एक वाचक, पूर्व नागपूर

उत्तर : पुतण्याने अर्धंच सांगितलं. ते ठिपके फक्त साध्या स्पेस आणि टॅबसाठी आहेत, आणि तुमच्या फाइलीत बहुधा दोन वेगळे पाहुणे आहेत.

पहिला फाइलीच्या अगदी सुरुवातीला बसलाय. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन केलं की एक्सेल फाइलीच्या तोंडाशी एक न दिसणारं चिन्ह ठेवतं, त्याला बीओएम म्हणतात. ते असलं की एक्सेलला कळतं की ही फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत, आहे. नसलं तर डबल क्लिक करून उघडल्यावर मराठीचा चिवडा होतो. म्हणजे चिन्ह कामाचं आहे. पण प्रोग्राम फाइल साध्या ‘यूटीएफ-८’ने उघडत असेल, तर ते चिन्ह पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतं. तुम्हाला ‘नाव’ दिसतं, पायथॉनला त्याच्या आधी आणखी एक अक्षर दिसतं. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ असं लिहिलेलं असेल तर हाच रोग. प्रोग्राममध्ये जिथे फाइल उघडली आहे तिथे एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ करा. मग बीओएम असो वा नसो, दोन्ही चालतं. एक्सेलमध्ये काही बदलू नका.

दुसरा पाहुणा गावांच्या नावांत. एखाद्या संकेतस्थळावरून किंवा पीडीएफमधून नावं उचलून चिकटवली की साध्या स्पेसऐवजी नॉन-ब्रेकिंग स्पेस येते. ही क्रमांक १६० ची, दिसायला अगदी स्पेससारखी. कोडच्या फाइलीत व्हीएस कोड तिच्याभोवती नारिंगी चौकट काढतो, आणि माउस नेला की ‘कॅरेक्टर यू+००ए० इज इनव्हिजिबल’ असं सांगतो (००ए० म्हणजे हेक्समध्ये, सोळाच्या पद्धतीत, १६०). सीएसव्हीसारख्या साध्या मजकुराच्या फाइलीत चौकट दिसत नसेल, तर सेटिंग्जमध्ये ‘इनव्हिजिबल कॅरेक्टर्स’ शोधून चालू करा. त्या चौकटीकडे लोक दुर्लक्ष करतात. तुम्ही करू नका. ती आली २०२१ च्या शेवटी. केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी तेव्हा दाखवलं होतं की लिहिण्याची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं कोडमध्ये पेरली, तर वाचणाऱ्याला एक प्रोग्राम दिसतो आणि संगणक दुसराच चालवतो. त्यानंतर एडिटरवाल्यांना अशी चिन्हं डोळ्यांसमोर आणावीच लागली. तुमच्या यादीत कुणी डाव साधलेला नाही, पण चौकटीचा फायदा तुम्हालाही.

एक्सेलमधला ट्रिम ही स्पेस काढत नाही, तो फक्त ३२ क्रमांकाची ओळखतो. सब्स्टिट्यूट वापरून युनिकॅर(१६०) च्या जागी साधी स्पेस घाला, मग ट्रिम करा. पायथॉनमधला ‘स्ट्रिप’ नावाच्या दोन टोकांची १६० काढतो, पण दोन शब्दांच्या मधली राहते, तिथे ‘रिप्लेस’ लागेल. आणि कधी झिरो विड्थ स्पेस आली, क्रमांक २००बी (हाही हेक्समधला), तर ती ना ट्रिमला कळते ना स्ट्रिपला. ती शोधून काढायची: व्हीएस कोडच्या शोध चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशनचं, म्हणजे नमुना देऊन शोधायचं, बटण चालू करा आणि बॅकस्लॅश, यू, २००बी असं लिहा.

प्रश्न : महाल भागातल्या आमच्या जुन्या वाचनालयाची सभासद यादी आणि पुस्तकांची नोंद मी निवृत्तीनंतर संगणकावर चढवत आहे. ‘वऱ्हाडे’ शोधले की निम्मेच वऱ्हाडे सापडतात. उरलेले डोळ्यांना दिसतात, शोधात येत नाहीत. भाच्याने सर्व अदृश्य अक्षरे पुसून टाकणारा प्रोग्राम दिला. तो चालवल्यावर काही ‘वऱ्हाडे’ यांचे ‘वर्हाडे’ झाले, आणि खर्चाच्या नोंदीतील ‘स्नेहमेळाव्याच्या आचाऱ्यांचे मानधन’ हे ‘आचार्यांचे मानधन’ झाले. मूळ फाइल सुरक्षित आहे. काय करावे?
— निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : मूळ फाइल ठेवलीत, फार बरं केलंत. पुसलेली टाकून द्या आणि भाच्याचा तो प्रोग्राम मराठी मजकुरावर पुन्हा चालवू नका. इंग्रजी कोडसाठी तो ठीक असेल.

गोष्ट अशी आहे की ‘वऱ्हाडे’मधला तो आखूड र, जो डोक्यावर रफार होऊन न चढता पुढच्या अक्षराला खेटून बसतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट: ऱ, म्हणजे खाली टिंब असलेला र, आणि हलन्त. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबलं की हा ऱ येतो. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या इस्की या, भारतीय लिप्यांसाठीच्या, मानकातली रीत हीच, आणि युनिकोडने तीच पुढे चालवली. दुसरी वाट: साधा र, हलन्त, आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य अक्षर, क्रमांक २००डी. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीपासूनची ही सोय आजही चालते. वऱ्हाडे आणि वर्‍हाडे छापल्यावर वेगळे ओळखू येणार नाहीत, पण पहिल्यात सात अक्षरं आहेत आणि दुसऱ्यात आठ. तुमची यादी अनेक हातांनी, अनेक कीबोर्डांवर झाली असणार, म्हणून निम्मे वऱ्हाडे इकडे आणि निम्मे तिकडे. ज्यांचा बिघाड झाला ते दुसऱ्या वाटेचे. जॉइनर पुसला की र मोकळा होतो आणि सरळ डोक्यावर जाऊन रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाक्याचे पैसे आचार्यांच्या नावावर पडतात.

एडिटरचे ठिपके इथे उपयोगाचे नाहीत, कारण जॉइनर ही रिकामी जागाच नव्हे. बघायचं असेल तर पायथॉनमध्ये ‘एएससीआयआय’ नावाच्या फंक्शनमध्ये तो शब्द घाला. प्रत्येक अक्षराचा क्रमांक सुटा होऊन दिसेल: ०९३५, ०९३१, ०९४डी असा पहिल्या वाटेचा, आणि ०९३५, ०९३०, ०९४डी, २००डी असा दुसऱ्या वाटेचा. स्क्रीनवर जे दिसतं ते सोडून फाइलीत खरोखर काय आहे, हे विचारायचा याहून खात्रीचा रस्ता मला माहीत नाही. कोणत्याही फॉन्टवर, कोणत्याही एडिटरवर तो सारखाच चालतो.

मग दोन्ही वाटा एक करा. व्हीएस कोडमध्ये शोध-बदल उघडा, रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करा. शोधायच्या चौकटीत बॅकस्लॅश-यू-०९३०, बॅकस्लॅश-यू-०९४डी, बॅकस्लॅश-यू-२००डी असं सलग, मध्ये जागा न सोडता लिहा. बदलाच्या चौकटीत ऱ आणि हलन्त, म्हणजे ‘ऱ्’, एवढंच टाइप करा. एकदम सगळं बदलू नका, पहिले काही बदल एकेक करून बघा. एवढ्याने वऱ्हाडे एकत्र येतील, आणि त्यांच्याबरोबर कुऱ्हाडे, गोऱ्हे, शेतकरी-वारकऱ्यांची सगळी अनेकवचनंही. र आणि नुक्ता (खालचं टिंब) असे सुटे लिहिलेले काही राहिले असतील तर पायथॉनचं ‘युनिकोडडेटा’मधलं एनएफसी नॉर्मलायझेशन ते जोडतं, जॉइनरला मात्र ते हात लावत नाही, म्हणून वरचा बदल हातानेच करावा लागतो.

बाकीचे जॉइनर राहू द्या. त्यांचा भाऊ, झिरो विड्थ नॉन-जॉइनर, क्रमांक २००सी, तोही राहू द्या. ‘वाङ्‌मय’ लिहिताना ङ्‌ चा पाय मोडलेला स्पष्ट दिसावा म्हणून लोक तो मुद्दाम घालतात, आणि वाचनालयाच्या नोंदीत वाङ्‌मय नसेल असं होणार नाही. अदृश्य अक्षरं सरसकट पुसा हा सल्ला ज्यांनी दिला त्यांच्या लिपीत ती कचरा असतील, आपल्या लिपीत ती शुद्धलेखनाचा भाग आहेत. कुटुंबाची इमोजीसुद्धा याच जॉइनरने जोडलेली असते. पुसला तर आई, बाप, लेकरू वेगवेगळे उभे राहतात. बीओएम (ती फाइल एक्सेलमध्ये उघडायची नसेल तर), १६० ची स्पेस, २००बी, ओळीच्या शेवटी उरलेल्या स्पेस, हे खुशाल काढा. २००सी आणि २००डी दिसले तर आधी शब्द वाचा.

प्रश्न : विंडोजवर लिहिलेली बॅश स्क्रिप्ट (लिनक्सचे आदेश ओळीने लिहिलेली फाइल) सर्व्हरवर टाकली की ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं. ठिपके सगळे चालू केले, काहीच वेगळं दिसत नाही.
— मिहानमध्ये नोकरी करणारा वाचक

उत्तर : ओळीचा शेवट बघा. विंडोज ओळ संपवताना १३ आणि १० अशी दोन अक्षरं टाकतं, लिनक्सला फक्त १० लागतं. उरलेलं १३ इंटरप्रिटरच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाला चिकटतं आणि त्या नावाचा प्रोग्राम सापडत नाही. व्हीएस कोडचे ठिपके ओळीचा शेवट दाखवत नाहीत. खालच्या पट्टीत सीआरएलएफ लिहिलं असेल, त्यावर क्लिक करून एलएफ करा, जतन करा. नोटपॅड प्लस प्लस मात्र ‘शो ऑल कॅरेक्टर्स’मध्ये सीआर, एलएफ स्पष्ट काढतो, आणि सर्व्हरवर ‘कॅट वजा-ए’ (मोठा ए, पहिलं अक्षर) दिलं की ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपी आणि एम दिसतो. गिटच्या डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल बरोबर एलएफ’ लिहून ठेवलंत तर टीममधल्या विंडोजवाल्यांकडून हे पुन्हा येणार नाही.

प्रश्न : मुलीच्या कॉलेजच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक शब्दाच्या मध्ये ठिपके आले आहेत. व्हायरस आहे का? सबमिशन परवा आहे, प्रिंट काढायची आहे.
— काळजीत असलेली आई, मानेवाडा

उत्तर : व्हायरस नाही ताई. तिने, किंवा तिच्या मैत्रिणीने, रेंडर व्हाइटस्पेस चालू केलं आहे. ठिपके फक्त पडद्यावर रंगवलेले असतात. फाइलीत ते नाहीत, कॉपी करून वर्डमध्ये नेले तरी सोबत जाणार नाहीत. प्रिंट तिथूनच काढा. बंद करायचे असतील तर व्ह्यू, अपिअरन्स, रेंडर व्हाइटस्पेस. पण मुलीला विचारून करा, तिने मुद्दाम लावले असतील. डोळ्यांना खुपत असतील तर सेटिंग्जच्या रंगांत ‘एडिटरव्हाइटस्पेस डॉट फोरग्राउंड’ या नावाचा रंग फिका करता येतो, आणि पायथॉन शिकणारीला तेवढे फिके ठिपके असलेले बरे.